ऑरिनची बादली

१९ ऑगस्ट, रविवार

काडतुसाची पुंगळी साच्यात अडकली. प्रेसच्या दांड्यावर सगळं वजन टाकून लोंबकळले, तरी बाहेर येईना. शेवटी तिच्या बुडाची कड उचकटून निघाली आणि पुंगळी साच्यात तशीच. ऑरिन असता तर म्हणाला असता, "नदीन, अगं ते पितळ आहे, कुस्ती नाही." त्याचं ते हसू आठवलं आणि त्याचा इतका राग आला, की गॅरेजचा दिवा घालवून घरात आले.

ऑरिन मार्चमध्ये गेला. त्याच्या बाकाखाली ही बादली राहिली, उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांनी काठोकाठ भरलेली. येत्या हिवाळ्यात घासूनपुसून पुन्हा भरणार होता. त्याची रायफल जावयाला जायची आहे, आणि ब्रायनचा नेम असा आहे की हरणांनी निर्धास्त चरावं. त्याला सरावाला भरपूर गोळ्या लागतील. म्हणून मी लेकीला, मारितला, शब्द दिला: ही बादली संपवते, मग तुझ्याकडे स्पोकेनला राहायला येते. अर्धं काम टाकून मी आजवर कुठं गेलेली नाही. मारितनं खालची खोली रंगवूनसुद्धा ठेवली आहे. तारीख मागत होती. म्हटलं, बर्फ पडायच्या आत.

पण पहिलीच पुंगळी अडकली. उद्या लाइलला फोन करावा लागणार.

२० ऑगस्ट, सोमवार

लाइल ट्रास्क आला. आमच्या कुरणापलीकडचा शेजारी, ऑरिनचा शाळेपासूनचा मित्र. बायको जाऊन त्याला दहा वर्षं झाली असतील. मार्चनंतर आज पहिल्यांदा आमच्या फाटकातून आत आला.

अडकलेल्या पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, त्यात आटे पाडले, बोल्ट घालून आवळत आवळत ती ओढून काढली. मग मला विचारलं, "तेल लावलं होतंस?"

"लावलं होतं."

"किती?"

"जरासं."

"अगं, केकच्या भांड्याला लावतेस तेवढं तरी लावायचं. कोरडी पुंगळी साच्यात घातली की बसलीच."

"मग ऑरिननं हे मला चाळीस वर्षांत कधी का नाही सांगितलं?"

"तू कधी विचारलंस?"

ऑरिन या गॅरेजमध्ये बसायचा आणि मी स्वयंपाकघरात. मधलं दार उघडं असायचं, तेवढ्यावर आमचं भागत होतं.

जाताना लाइल म्हणाला, मंगळवारी आणि शुक्रवारी येत जाईन, एकटीनं करू नकोस. मी म्हटलं, तुझी तर दोनशे सत्तर, तुला काय कळतंय आमच्यातलं? तर नाक फुगवून म्हणाला, दोनशे सत्तर ही शहाण्या माणसाची बंदूक आहे. ऑरिनची थर्टी-ऑट-सिक्स. दोन्हींच्या पुंगळ्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, पण एकीचं काडतूस दुसरीच्या बंदुकीत चालत नाही. कुठली बरी यावरून हे दोघं जन्मभर भांडले. लाइल अजून भांडतोय, ऑरिन नसतानाही. मला बरं वाटलं.

पितळ घासायला येताना इस्त्रीचा शर्ट घातला होता. काही काही माणसांना कामाचे कपडे कळत नाहीत.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

आता जमायला लागलं. आधी पुंगळ्या अक्रोडाच्या टरफलांच्या भुग्यात घालून विजेवर चालणारं भांडं सुरू करायचं. ते तासन् तास थरथरत राहतं आणि काळ्या पडलेल्या पुंगळ्या सोनेरी होऊन निघतात. मग तेल. मग प्रेसच्या साच्यात दाबायची. तिथं तिचा आकार पूर्ववत होतो आणि बुडातली ठिणगी पाडणारी बारकी टोपी, आता उडालेली, बाहेर पडते. मग वाढलेली लांबी कापायची, तोंडाची धार घासायची, टोपीच्या खळग्यातली काजळी खरवडायची. नवी टोपी, दारू आणि गोळी सगळ्यात शेवटी, तेही लाइल करणार. दारू मोजायला माझा हात अजून भरवशाचा नाही, असं तो म्हणतो. मला पटलं.

येताना आलुबुखारांची पिशवी आणली त्यानं. त्याच्या झाडाला म्हणे फार लागलेत. मी त्यांचा केक केला. तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "चौथा देऊ नकोस, उगाच मोह होतो."

"मागितला कुणी तुला?"

तरी दिला.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

आज काही पुंगळ्या प्रेसमध्ये लोण्यासारख्या गेल्या आणि काही अशा जड, की खांदा भरून आला. तेल सगळ्यांना सारखंच लावलं होतं. लाइलला विचारलं तर म्हणाला, "होतं असं." म्हणजे माझा खांदाच म्हातारा झाला.

त्यानं आज एक गोष्ट सांगितली, ती दिवसभर डोक्यात आहे. काडतूस उडतं तेव्हा पुंगळी फुगते आणि बंदुकीच्या आतल्या पोकळीला चिकटते. त्या एका बंदुकीचा आकार घेऊनच ती बाहेर येते. पुन्हा त्याच बंदुकीत घालायची तर तिला थोडंसंच दाबावं लागतं. दुसऱ्या बंदुकीत घालायची तर मात्र पुरती दाबून साच्यावर आणावी लागते.

मी चाळीस वर्षं एका माणसाच्या घरात राहिले. सकाळी कॉफी किती कडक, खिडकी किती उघडी, भांडण किती दिवस, सगळं त्याच्या मापाचं झालं. आता स्पोकेनला मारितच्या मापात बसायचं. ती चांगली आहे, फार चांगली आहे. पण रात्रीचं जेवण साडेपाचला.

६ सप्टेंबर, गुरुवार

परवा लाइलशी वाजलं. टोपीच्या खळग्यात ठिणगी जायचं एक बारीक भोक असतं. कारखान्यात ते पाडताना आतून कड राहते. लाइलनं काडीसारखं एक बारीक हत्यार आणलं आणि म्हणाला, प्रत्येक पुंगळीत आतून ती कड घासायची.

"ऑरिन हे करायचा?"

"शिकारीच्या गोळ्यांना करायचा."

"आणि सरावाच्या?"

लाइलनं काडीवर फुंकर घातली. "सरावाच्यांनासुद्धा केलं तर वाईट काही नाही."

"ब्रायनला हरीण दिसत नाही, लाइल. ठिणगीचं भोक गुळगुळीत असलं काय नि नसलं काय!"

"घाई कशाची आहे?"

"बर्फाची."

त्यानं काडी माझ्या हातात दिली. मग आम्ही घासलं. खरं सांगायचं तर ते काम वाईट नाही. पुंगळी डाव्या हातात, काडी उजव्या, दोन फिरक्या, फुंकर. बोलत बोलत होतं. पण याच चालीनं घोडं कधी पोचणार?

बादलीही हलत नाही. दोन आठवडे झाले, पातळी कडीच्या खिळ्याखाली जायला तयार नाही. म्हातारपणी माणूस काम करतो असं त्याला नुसतं वाटतं, असं ऑरिनची आई म्हणायची.

१३ सप्टेंबर, गुरुवार

मंगळवारी माना तापवल्या, म्हणजे पुंगळ्यांच्या. पितळ वारंवार दाबलं की मानेशी कडक होतं आणि तडकतं. म्हणून गॅसच्या ज्योतीत तेवढाच भाग फिरवत तापवायचा. किती तापली हे कळायला अंधार लागतो. म्हणून गॅरेजची दारं-खिडक्या लावून घेतल्या. पितळ किंचित विटलं, रंग बदलला, की लगेच बाजूला. जास्त तापलं तर पुंगळी कामातून गेली. लाइलचा हात यात फार चांगला आहे.

काळोखात त्याचा नुसता हात आणि नाक दिसत होतं. म्हणाला, "स्पोकेनला नदी आहे म्हणे मोठी."

"धबधबा आहे गावात."

"बघण्यासारखं असेल."

"ये की बघायला."

"मी?" त्यानं पुंगळी फिरवणं थांबवलं. "मी शहरात गाडी लावायला घाबरतो, नदीन."

"तुझी ती पुंगळी जळतेय."

खरंच जळली. तो स्वतःशी काहीतरी पुटपुटला आणि ती फेकून दिली. लाइलकडून पुंगळी जळाली हे ऑरिनला सांगितलं असतं तर त्यानं वर्षभर चिडवलं असतं. सांगावंसं फार वाटलं. रात्री ऑरिनच्या बाजूच्या उशीवर हात ठेवून थोडी रडले.

१९ सप्टेंबर, बुधवार

मारितचा फोन. "आई, झालं की नाही तुझं ते पितळ?"

"होतंय."

"ऑगस्टपासून होतंय. लाइलकाका येतात ना मदतीला? दोघं मिळून एक बादली संपत नाही?"

"तुझ्यासारखी मी उंटावरून शेळ्या हाकत नाही. इथं एकेक पुंगळी हातातून जाते."

ती हसली. मग आवाज बदलला. "काल डोंगरात बर्फ पडला म्हणून बातम्यांत होतं. त्या घरात एकटी तू, रस्ता बंद झाला तर? मला झोप लागत नाही गं."

तिचं खरं आहे. मागच्या जानेवारीत रस्ता पाच दिवस बंद होता, पण तेव्हा ऑरिन होता. तिला म्हटलं, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नक्की. फोन ठेवला आणि गॅरेजमध्ये जाऊन बादलीपाशी उभी राहिले. वाटलं होतं तिच्यावर चिडेन, पण चिडले नाही. का ते कळलं नाही.

२५ सप्टेंबर, मंगळवार

आज जे कळलं ते लिहून टाकते, नाहीतर झोप येणार नाही.

नव्या टोप्या लाइल बसवणार होता, पण आज तो यायच्या आधी मीच बसवायला घेतल्या. एका पुंगळीत टोपी शिरेना. जोर दिला तर टोपीच चेपली. चष्मा लावून बघितलं. खळग्याच्या तोंडाशी पितळ आत दाबल्यासारखं होतं, बारीक कड्यासारखं. बुडावरची अक्षरं बघितली तर ती लष्करी कारखान्याची. बादलीत हात घालून उपसलं. असली आणखी निघाली, बरीच.

ऑरिननं जन्मात लष्करी काडतूस बंदुकीत घातलं नाही. एकाच कंपनीची घ्यायचा, त्याच दुकानातून. मग ही आली कुठून? माझ्या गॅरेजमध्ये मी सोडून एकच माणूस येतो. बादली हलत का नाही, त्याचं उत्तर माझ्या हातात होतं.

लाइल आला. निळा शर्ट, इस्त्रीचा. मी पुंगळ्या बाकावर ओतल्या.

"ही कुणाची?"

त्यानं एक उचलून डोळ्यांजवळ नेली. कान लाल झाले.

"तू टाकलीस ना बादलीत?"

"हो."

"आपलं पितळ आणून माझ्याकडून घासून घेतोस? फुकटात? मेलेल्या मित्राच्या बायकोकडून?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

"बोल ना. असंच ना?"

ती हातात फिरवत म्हणाला, "असंच समज."

"मग जा. उरलेलं मी करीन."

गेला. मंगळवार-शुक्रवार, आलुबुखार, केक. आवळा देऊन कोहळा काढला माझ्याकडून. वाईट पितळाचं वाटत नाही. मला वाटलं होतं तो ऑरिनसाठी येतो. ऑरिनच्या आठवणीत बसणारं आणखी कुणीतरी आहे असं वाटत होतं, ते आज गेलं.

२६ सप्टेंबर, बुधवार

काम केलं. कुणाशी बोलले नाही.

१ ऑक्टोबर, सोमवार

बादली संपली.

एकटीनं करायला बसले आणि पाणी उतरावं तशी खाली गेली. ठिणगीच्या भोकांना हात लावला नाही. माना तापवल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी गाडीचा आवाज आला म्हणून खिडकीशी गेले. पोस्टवाला होता. मला वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला. ज्यानं मला फसवलं त्याच्या गाडीची मी वाट का बघावी?

रिकामी बादली नळाखाली धुतली. मारितला फोन करून सांगितलं, संपली. ती आनंदानं ओरडलीच. शनिवारी, तेरा तारखेला, ती आणि ब्रायन ट्रेलर घेऊन येणार. तयार पुंगळ्या ब्रायनला तशाच देते, गोळ्या भरून देणारा माणूस तो शोधेल.

फोननंतर जेवावंसं वाटेना. या घरातले माझे शेवटचे दोन आठवडे सुरू झाले आणि मला काहीही बांधायला घ्यावंसं वाटत नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

कडं असलेल्या पुंगळ्या मी कॉफीच्या डब्यात वेगळ्या काढल्या होत्या. ज्याचं त्याला परत करावं. पण लाइलचं तोंड बघायची इच्छा नव्हती. म्हणून डबा घेऊन क्लबच्या नेमबाजीच्या मैदानावर गेले. शिकारीचा मोसम तोंडावर आलाय, सगळा गाव बंदुकांचा नेम जुळवायला तिथं लोटतो. ड्वेन मैदान सांभाळतो. त्याला म्हटलं, हे लाइल ट्रास्कला दे.

ड्वेननं डब्यात बघितलं. "हे लाइलचं नाही."

"त्याचंच आहे. त्यानं कबूल केलंय."

"थर्टी-ऑट-सिक्स आहे हे, नदीन. लाइलकडं दोनशे सत्तर. दुसरी बंदूकच नाही त्याच्याकडं. जन्मभर तुझ्या नवऱ्याशी भांडला तो त्यावरून, तुला माहीत नाही?"

मला माहीत होतं. याच वहीत लिहिलंय मी. रागात माणसाला स्वतःचंच अक्षर दिसत नाही.

"मग त्यानं आणलं कुठून?"

"इथूनच. त्या शेवटच्या गाळ्यात एकजण जुनी लष्करी रायफल घेऊन येतो, त्याच्या असतील या. ऑगस्टपासून लाइल येतोय, रविवारी सगळे गेले की. मधेमधेही येतो. वाकून वाकून वेचतो. बाकी काही घेत नाही, थर्टी-ऑट-सिक्सच. आणि त्यातलीसुद्धा एकाच कंपनीची. एकेक डोळ्याला लावून बघतो. या लष्करी चुकून घेतल्या असतील, संध्याकाळी त्याला धड दिसत नाही. मी विचारलं, कशाला रे? तर म्हणाला, मोडीत घालतो." ड्वेन हसला. "त्या गुडघ्यांनी कुणी मोडीसाठी वाकतं का?"

मी गाडीत जाऊन बसले. प्रेसमध्ये जड गेलेल्या पुंगळ्या आठवल्या. त्या दुसऱ्याच कुणाच्या बंदुकीतून आलेल्या होत्या, खांदा माझा बरा होता. आता त्या सगळ्या घरी एका पेटीत आहेत आणि ऑरिनच्या कुठल्या, लाइलनं टाकलेल्या कुठल्या, हे मलाही सांगता येणार नाही. मी त्याला फुकट्या म्हटलं. त्यानं ते मान्य केलं, कारण खरं सांगण्यापेक्षा त्याला ते सोपं गेलं.

घरी जाऊ शकले असते. गेले नाही. गाड्या पांगल्या, ऊन डोंगरावर चढलं, तेव्हा लाइलची पिकअप आली. आता बादलीही नव्हती, काम तुटलेलं होतं, तरी आला. शेवटच्या गाळ्याचा खांब धरून हळूहळू वाकला. मी जाऊन मागे उभी राहिले.

"बादली संपली," म्हटलं. "आता कशाला वेचतोस?"

तो दचकून सरळ झाला. गुडघा कडाडला. "सवयीनं," म्हणाला.

"मी तुला नाही नाही ते बोलले. आणि तू 'असंच समज' म्हणालास?"

"मग काय म्हणायचं होतं, नदीन? तू जाऊ नयेस म्हणून भरत होतो, असं म्हणायचं? ऑरिनच्या बाकाशी उभं राहून?"

एवढं लांब वाक्य तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. बोलला आणि तोंड फिरवून डोंगराकडे बघत उभा राहिला. मला ऑरिनची आठवण आली, पण अपराधी वाटलं नाही. उलट हायसं वाटलं. मला स्पोकेनला जायचं नाही. कधीच जायचं नव्हतं. पितळाच्या आडून मीही तेच करत होते आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं.

मी खाली वाकून एक पुंगळी उचलली. बुडाला ते लष्करी कडं.

"ती नको," लाइल म्हणाला. "त्यांचं कडं कापायला जन्म जातो. एकेकीला वेळ लागतो."

"म्हणून तर," मी म्हटलं. "याच आधी घेऊ."

दिसेनासं होईपर्यंत वेचत होतो. कंबर धरली आहे.

८ ऑक्टोबर, सोमवार

मारितला सकाळीच फोन केला. म्हटलं, शनिवारी या, जेवायला या, पण ट्रेलर आणू नका. रस्ता बंद झाला तर लाइल बर्फ ढकलायचा ट्रॅक्टर आमच्या फाटकाशी आणून ठेवणार आहे. बादली संपायची आहे.

"आई, गेल्या सोमवारी तू म्हणालीस संपली."

"पुन्हा भरली."

"अशी कशी भरते आपोआप?"

"आपोआप नाही. आम्ही दोघांनी वाकून वाकून भरली."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. भांडी घासत बोलत असते ती.

"दोघं कोण?" तिनं विचारलं.

मी सांगितलं.